ध्रुवांवरील हवेचे गणित



११ जुलै १९७९ रोजी ‘स्कायलॅब’ अपेक्षेआधीच कोसळली, तेव्हा आम्ही सारे धास्तावलो होतो. सूर्य प्रक्षुब्ध होऊन उच्च वातावरण तापले, फुगले व त्याचा अवरोध वाढला, हे गणितात पुरेसे धरलेले नव्हते. चुंबकीय वादळात हा ताप ध्रुवप्रदेशांतून शिरतो. तेथे शंभरएक किलोमीटर उंचीवर प्रबळ विद्युत्प्रवाह वाहतात, हवा तापते आणि तिच्या लहरी विषुववृत्तापर्यंत पोचतात. मात्र ध्रुवांवरील मोजमापे विरळ. म्हणून गणिती प्रतिमाने अपुरी पडतात. फेब्रुवारी २०२२ मध्ये वादळ फारसे मोठे नसतानाही ‘स्टारलिंक’चे नुकतेच सोडलेले ४९ पैकी सुमारे ४० उपग्रह नष्ट झाले. अंटार्क्टिकातील ‘मैत्री’ केंद्रावर चुंबकीय नोंदी घेणारे आपले बांधव घरापासून फार दूर असतात. पण आपल्या डोक्यावरील आकाशाचे गणित अशाच नोंदींनी सुधारते. दूर राहून घराच्या उपयोगी पडणे म्हणजे काय, हे आपणांस सांगणे नलगे.