टेनेसी स्टेटच्या धावपटू

विद्यापीठाचे मोठेपण इमारतींवरून मोजण्याची आपणांस सवय आहे. अमेरिकेत नॅशव्हिल येथील टेनेसी स्टेट हे कृष्णवर्णीयांचे विद्यापीठ. वर्णभेदाच्या त्या काळात तेथे पैसा तुटपुंजा, धावपट्टीही अर्धवट. तरीही प्रशिक्षक एड टेंपल यांनी मुलींकडून कसून सराव करवून घेतला. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये रिले शर्यत जिंकणाऱ्या चौघीही याच विद्यापीठाच्या होत्या. त्यांतील विल्मा रुडॉल्फ हिला बालपणी पोलिओ झाला होता. तिने तीन सुवर्णपदके मिळविली. क्लार्क्सव्हिल या तिच्या गावी सत्कार ठरला, तेव्हा गोरे-काळे एकत्र बसणार असतील तरच येईन, असे तिने बजावले. गावाला ते मान्य करावे लागले. पदकांची नोंद होतेच. असे धैर्य देणाऱ्या शिक्षणाचीही विद्यापीठाच्या इतिहासात नोंद व्हावयास हवी.