दाखला नाही म्हणून शाळा अडत नाही

द्राक्षाचा हंगाम आला की पेठ, सुरगाण्याकडच्या बाया पोरांसकट पंचवटीत उतरतात. आई बागेत जाते आणि थोरली पोर धाकट्याला सांभाळत झोपडीपाशी बसून राहते. आम्ही विचारलं, की आई म्हणते, "दाखला गावाकडं राहिला, ताई. शाळा घेईल का?"

घेईल. घ्यावंच लागतं. २००९ चा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. ६ ते १४ वर्षांच्या मुलाला महापालिकेची शाळा दाखल्यासाठी अडवू शकत नाही. जन्माचा दाखला नसला तरी नाही, वर्ष अर्धं सरलं तरी नाही. जुन्या शाळेनंही मागितल्यावर दाखला लगेच द्यायचा असतो.

गाव सोडताना शाळेतून शिक्षण हमी कार्ड मागून घ्या. ते राहिलं, तरी पोरीला घेऊन थेट मुख्याध्यापकांकडे जा. "नंतर या" म्हणाले तर लेखी अर्ज द्या, पोच घ्या. तोंडी बोलणं वाऱ्यावर जातं. एक दिवसाचा खाडा पडतो, मजुरी बुडते, हे आम्हालाही कळतं. पण पोर हंगामभर घरी बसली, की गावी परतल्यावर तिला वर्गात जायचीच लाज वाटते. अर्ज लिहिता येत नसेल, तर गटाच्या बैठकीला या. आम्ही लिहून देऊ, सोबतही येऊ.