बांध नसलेली शेतं

बांध कोरला म्हणून दोन भावांची तोंडं फिरली, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. भांडण शेताचं, पण जावाजावांचं हळदीकुंकू बंद होतं. म्हणून आज आम्ही एका अशा गावाची माहिती आणलीय, जिथे मोठ्या शिवारांत बांधच नाहीत.

हे गाव इंग्लंडमधलं, नॉटिंगहॅमशायरमधलं. नाव लॅक्स्टन. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना शेतकऱ्यांची घरं, सेंट मायकेलचं जुनं चर्च आणि उत्तरेला पडलेल्या किल्ल्याची मातीची टेकाडं. गावाभोवती तीन मोठी शिवारं आहेत: वेस्ट फील्ड, साउथ फील्ड आणि मिल फील्ड. प्रत्येक शिवारात वेगवेगळ्या शेतकऱ्यांचे लांबट पट्टे. एकाची सगळी जमीन एका जागी नाही. थोडी इथे, थोडी तिथे. म्हणजे चांगली माती एकाच्या आणि चिकट, पाणी धरणारी दुसऱ्याच्या वाट्याला, असं होत नाही. पिकांचा फेरा तीन वर्षांचा: एका शिवारात हिवाळी गहू, दुसऱ्यात वसंतात पेरायचं पीक, तिसऱ्याला विसावा.

पूर्वी इंग्लंडमध्ये अशी गावं पुष्कळ होती. अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत पार्लमेंटने हजारो कायदे करून शिवारं आणि गायरानं कुंपणात घातली. मोठ्यांच्या जमिनी सलग झाल्या. पण गायरानावर एखादी गाय चारणाऱ्या, सरपण आणणाऱ्या गरीब बायकांचा आधार तुटला. लॅक्स्टनची शिवारं मात्र टिकली. १६३५ साली मार्क पीअर्सने काढलेल्या नकाशात हीच शिवारं पट्ट्यांसकट दिसतात.

मग बांधाशिवाय हद्द राखतं कोण? गावच. दरवर्षी नोव्हेंबरच्या अखेरीस गावातले पंच गव्हाचं शिवार पायी फिरून पाहतात. कुणाचा नांगर रस्त्यावर किंवा सामाईक गवताच्या पट्टीत शिरलाय का, ते तपासतात. हद्द पुसट झाली असेल तिथे खुंटी ठोकतात. पुढच्या आठवड्यात गावाचं न्यायालय बसतं. ज्याचं चुकलं त्याला दंड होतो. रक्कम फार नसते, पण सगळ्यांसमोर नाव निघतं! आणि पुढच्या वर्षीचे पंच तिथेच नेमले जातात.

या जमिनीचे मालक बदलत गेले. १९५२ मध्ये सरकारने ती घेतली, पुढे ती राजघराण्याच्या मालमत्तेकडे गेली, २०२० मध्ये पुन्हा खासगी मालकाकडे आली. पंचांची फेरी चालूच राहिली.

मैत्रिणींनो, आम्हाला यातली एक गोष्ट फार पटली. तिथे भांडण पेटल्यावर मोजणी होत नाही; दरवर्षी ठरल्या दिवशी सगळे मिळून पाहणी करतात. आपल्या गावाचं गायरान शेवटचं कधी मिळून पाहिलं? पाणवठ्याची वाट किती अरुंद झाली? गटाच्या पुढच्या बैठकीत हे दोन प्रश्न नक्की घ्या. आणि शक्य असेल तर बैठक संपल्यावर मिळून एक फेरी मारा.