हे खापर कोणत्या भट्टीवर फोडायचं?

हेडफोन लावलेत ना? आजचा डेटा फक्त २६ ओळींचा आहे. आमच्या ऑफिसात याला कुणी डेटा म्हणणारही नाही, पण माझा लाडका आहे.

रोमन काळातल्या ब्रिटनमधली मातीची भांडी. वेल्समधल्या लानेडर्न आणि कॅल्डिकॉट, इंग्लंडच्या न्यू फॉरेस्टमधल्या आयलंड थॉर्न्स आणि ॲश्ली रेल्स, अशा चार भट्ट्यांवरचे नमुने. टब, पार्कर आणि निकलेस यांनी १९८० मध्ये हे विश्लेषण छापलं. प्रत्येक नमुन्यात ॲल्युमिनियम, लोह, मॅग्नेशियम, कॅल्शियम आणि सोडियमच्या ऑक्साइडचं प्रमाण मोजलेलं.

आता उद्या कुठेतरी एक खापर सापडलं, तर ते कुठलं? त्यावरून माल कुठून कुठे जायचा याचा नकाशा बनतो. नाव चुकलं की व्यापाराचा रस्ताच चुकला.

लोह बघा. वेल्सच्या सगळ्या नमुन्यांत ४ टक्क्यांच्या वर, न्यू फॉरेस्टच्या सगळ्यांत ३ च्या खाली. म्हणजे प्रदेश ओळखणं सोपं. पाचही मोजमापं एकत्र घेऊन पीसीए केलं, तरी दोन झुबके स्पष्ट दिसतात. (आधी सगळे आकडे एका मापात आणायचे हं! ॲल्युमिनियम १० ते २१, सोडियम एकाहूनही कमी. नाहीतर मोठ्या आवाजाचाच ऐकू येतो.) पण न्यू फॉरेस्टच्या दोन भट्ट्या एकमेकींत मिसळतात.

खरी गंमत पुढे. एलडीएला खापर दिलं की ते चारपैकी एक नाव देणारच, वर ऐटीत टक्केवारीही दाखवणार. खापर पाचव्याच भट्टीचं असलं तरी! ती टक्केवारी 'या चारांपैकीच एक' असं धरूनच काढलेली असते.

क्यूडीए प्रत्येक भट्टीचा पसारा वेगळा मोजतं. ते आरमध्ये चालवा, थेट एरर येते: गट फार लहान. पाच मोजमापांना गटात किमान सहा नमुने लागतात. लानेडर्नचे १४ आहेत, न्यू फॉरेस्टचे पाच-पाच, कॅल्डिकॉटचे फक्त दोन. मला ही एरर मनापासून आवडते. प्रोग्राम चक्क 'नाही सांगता येत' म्हणतो.

म्हणून मी असतो तर आधी खापराचं प्रत्येक गटापासूनचं अंतर बघितलं असतं. सगळ्यांपासूनच लांब असेल, तर 'यांपैकी नाही'. न्यू फॉरेस्टच्या झुबक्यात पडलं, तर लेबलवर 'न्यू फॉरेस्ट' एवढंच, भट्टीचं नाव नाही. कॅल्डिकॉटचे अजून दहा-बारा नमुने मिळाले, तर त्याचं बघू.