अनुभवाचे मोल : राष्ट्रपती आणि उपराष्ट्रपती



संस्था लहान असो वा मोठी, निवडणूक जवळ आली की एक चर्चा हमखास रंगते. अध्यक्ष अनुभवी असावा की नव्या दमाचा? उपाध्यक्षाविषयी मात्र फारसे कोणी बोलत नाही. छायाचित्रात पुढच्या रांगेत खुर्ची मिळण्यापुरतेच ते पद आहे, असा समज सर्वत्र रूढ आहे. देशाच्या दोन सर्वोच्च पदांचा इतिहास पाहिला तर हा समज किती फसवा आहे, ते ध्यानात येते.

भारतीय संविधानाने या पदांसाठी अनुभवाची अट घातलेलीच नाही. भारताचे नागरिकत्व, ३५ वर्षे पूर्ण वय, राष्ट्रपतीस लोकसभेवर आणि उपराष्ट्रपतीस राज्यसभेवर निवडून येण्याची पात्रता, तसेच लाभाचे पद धारण न करणे, एवढ्यावर ते थांबते. पारख करण्याचे काम निवडणाऱ्यांवर सोपविले आहे.

या संदर्भात प्रथम आठवण होते ती न्यायमूर्ती मोहम्मद हिदायतुल्ला यांची. १९५४ ते १९५६ या काळात ते नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश होते. त्यावेळी गोंदिया भंडारा जिल्ह्यात होते, आणि तो जिल्हा नागपूर राजधानी असलेल्या जुन्या मध्य प्रदेशात. म्हणजे येथील अपिले त्यांच्याच न्यायालयात जात. ३ मे १९६९ रोजी राष्ट्रपती डॉ. झाकिर हुसेन यांचे पदावर असतानाच निधन झाले. उपराष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी यांनी कार्यभार स्वीकारला; परंतु निवडणूक लढविण्यासाठी त्यांनी २० जुलैला राजीनामा दिला. दोन्ही पदे रिकामी! अशा प्रसंगासाठी संसदेने त्याच वर्षी मे महिन्यात कायदा केला होता. त्यानुसार भारताचे सरन्यायाधीश हिदायतुल्ला २४ ऑगस्टपर्यंत राष्ट्रपतिपदाचे कार्य पाहू लागले. त्यांच्यापाशी राजकारणाचा अनुभव नव्हता, कायद्याचा मात्र अथांग होता. १४ बँकांच्या राष्ट्रीयीकरणाच्या कायद्यास त्यांनीच संमती दिली. पुढे तो कायदा सर्वोच्च न्यायालयात आव्हानित झाला आणि १९७० मध्ये ११ न्यायाधीशांच्या पीठाने तो रद्द ठरविला. त्या पीठावर सरन्यायाधीश स्वतः नव्हते. १९७९ मध्ये ते बिनविरोध उपराष्ट्रपती झाले, आणि १९८२ मध्ये राष्ट्रपती झैलसिंग उपचारांसाठी परदेशी गेले असता पुन्हा एकदा त्यांनी तो कार्यभार वाहिला. उपाध्यक्षपद शोभेचे मानणाऱ्यांनी हा एक माणूस तरी लक्षात ठेवावा.

मग अनुभव असला की सारे निर्धोक, असे म्हणावे काय? तसेही नाही. फक्रुद्दीन अली अहमद १९३८ पासून आसामात मंत्री, नंतर केंद्रात मंत्री. कारकिर्दीत उणे काही नव्हते. तथापि २५ जून १९७५ च्या रात्री आणीबाणीच्या घोषणेवर त्यांची स्वाक्षरी झाली, तेव्हा मंत्रिमंडळाची बैठक व्हायचीच होती. ती दुसऱ्या दिवशी सकाळी झाली. एका रात्री थांबण्याचे बळ दीर्घ अनुभवातून आले नाही.

उलट डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांनी कधी निवडणूक लढविली नव्हती. मे २००५ मध्ये मॉस्को दौऱ्यावर असताना त्यांनी बिहार विधानसभा विसर्जित करण्यास मान्यता दिली. ते विसर्जन सर्वोच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरविले. येथे अननुभव नडला, असे म्हणण्यास वाव आहे. परंतु पुढच्याच वर्षी लाभाच्या पदाविषयीचे विधेयक त्यांनी पुनर्विचारार्थ संसदेकडे परत पाठविले. खुर्चीवर बसल्यावरही मनुष्य शिकतो, फक्त त्या शिक्षणाची किंमत इतरांना मोजावी लागते.

के. आर. नारायणन यांचे शिक्षण आधीच झाले होते. राजनैतिक सेवा, मंत्रिपद, नंतर पाच वर्षे उपराष्ट्रपतिपद. जुलै १९९७ मध्ये ते राष्ट्रपती झाले आणि ऑक्टोबरमध्येच उत्तर प्रदेशात राष्ट्रपती राजवट लावण्याची शिफारस त्यांनी फेरविचारासाठी परत केली. सरकारने ती पुढे रेटली नाही. ज्याने राज्यसभेच्या सभापतीच्या आसनावरून पाच वर्षे सरकार आणि विरोधक दोघांनाही न्याहाळले आहे, त्याला अवघ्या तीन महिन्यांत हे साधते.

महाराष्ट्राच्या प्रतिभाताई पाटील १९६२ ते १९८५ विधानसभेत, मग राज्यसभेच्या उपसभापती, १९९१ मध्ये विदर्भातील अमरावतीच्या खासदार, राजस्थानच्या राज्यपाल, आणि २००७ मध्ये राष्ट्रपती, अशा पायरीपायरीने गेल्या.

२१ जुलै २०२५ रोजी उपराष्ट्रपती जगदीप धनखड यांनी प्रकृतीचे कारण देऊन राजीनामा दिला. राष्ट्रपतिपद रिक्त झाले तर ते कोणी सांभाळावे हे ठरलेले आहे. कार्यवाहक उपराष्ट्रपती मात्र संविधानात नाही. राज्यसभेचे कामकाज उपसभापतींनी चालविले. १२ सप्टेंबरला महाराष्ट्राचे राज्यपाल राहिलेले सी. पी. राधाकृष्णन उपराष्ट्रपती झाले. त्यांना शपथ दिली ती ओडिशातील रायरंगपूर येथे नगरसेविका म्हणून सार्वजनिक जीवनास प्रारंभ केलेल्या राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी.