ऐरणीच्या गावचा क्लब

जुन्या इंग्रजी कादंबऱ्या वाचणाऱ्यांना ग्रेटना ग्रीन हे नाव ठाऊक असेल. इंग्लंडमध्ये १७५४पासून विवाहाचा कडक कायदा लागू झाला. तेव्हा घरातून पळालेली जोडपी सीमा ओलांडून स्कॉटलंडमधल्या या गावी येत आणि लोहाराच्या ऐरणीसमोर लग्न लावत. त्याला लागूनच ग्रेटना हे गाव आहे, वस्ती जेमतेम तीन हजार. आज मला बोलायचं आहे ते मात्र तिथल्या फुटबॉल क्लबविषयी.

हा क्लब १९४६ साली निघाला. गाव स्कॉटलंडचं, पण क्लब कित्येक वर्षं खेळला तो पलीकडच्या इंग्लंडमधल्या छोट्या लीगमध्ये. २००२ साली एअर्ड्रीओनियन्स हा जुना क्लब कर्जापायी बुडाला, स्कॉटिश लीगमध्ये जागा रिकामी झाली आणि ती ग्रेटनाला मिळाली. पुढे ब्रूक्स माइलसन या सुंदरलँडच्या उद्योजकानं क्लब हाती घेतला आणि स्वतःचा पैसा ओतला. २००४-०५च्या मोसमात ३६ सामन्यांत तब्बल १३० गोल! चौथ्या श्रेणीतून तिसरी, तिसरीतून दुसरी, दुसरीतून पहिली. लागोपाठ तीन विजेतेपदं.

मे २००६मध्ये तर ग्रेटना स्कॉटिश चषकाच्या अंतिम सामन्यात पोचला. समोर एडिंबराचा बलाढ्य हार्ट्स. बरोबरी १-१ अशी झाली, पेनल्टींवर हार्ट्स जिंकला. गॅव्हिन स्केल्टनची पेनल्टी गोलखांबाच्या आडव्या दांड्यावर आदळली. ही बातमी मी क्रीडापानावर वाचली आणि भेटेल त्याला कौतुकानं सांगत सुटलो. लहान गाव मोठ्यांना भिडलं, याचाच मला आनंद. पैसा कुठून येतो, हा प्रश्न तेव्हा मला सुचलाच नाही.

२००७ साली क्लब सर्वोच्च श्रेणीत गेला आणि गावातलं रेडेल पार्क मैदान नियमांत बसेना. ‘घरचे’ सामने शंभराहून अधिक किलोमीटर दूर, मदरवेलला! एप्रिल २००८मध्ये इनव्हर्नेसविरुद्धच्या सामन्याला प्रेक्षक होते ४३१. तोवर माइलसन आजारी पडले होते, पैसा आटला. मार्चमध्येच क्लब प्रशासकाच्या ताब्यात गेला होता. खेळाडूंचे पगार, कर्मचाऱ्यांच्या नोकऱ्या, सगळं एका माणसाच्या प्रकृतीला टांगलेलं.

शेवटचा सामना पुन्हा हार्ट्सशीच होता. ग्रेटना १-० जिंकला. गोल कोणी केला? त्याच स्केल्टननं.

ऑगस्टमध्ये क्लब संपला, नोव्हेंबरमध्ये माइलसनही गेले. त्यांना खलनायक ठरवणं मला पटत नाही. त्यांनी दिलं ते मन लावून दिलं. पण गावाला पेलेल एवढाच क्लब ठेवावा, हे त्यांना कोणी सांगितलं नाही. आणि आम्ही लांबून टाळ्या वाजवत होतो.

लीगमधली जागा शेजारच्या ॲनन गावच्या क्लबला मिळाली. ग्रेटनाच्या समर्थकांनी त्याच वर्षी ‘ग्रेटना २००८’ नावाचा नवा क्लब काढला, खालच्या लीगपासून सुरुवात केली आणि पुढे रेडेल पार्कवर परतले. प्रेक्षक थोडेच असतात, पण घरून चालत येतात.