शेतातून उठवा, पाण्यावरून नको

आम्ही उजनीच्या काठावरच्या बचत गटाच्या बायका. आज आपल्या हिवाळी पाहुण्यांविषयी बोलणार आहोत.

थंडी पडली की भिगवण, कुंभारगाव, डिकसळ या बाजूला भीमेच्या फुगवट्यावर रानहंस उतरतात. त्यांना पट्टकदंब म्हणतात. ओळख सोपी. पांढऱ्या डोक्यावर मागच्या बाजूला दोन काळे पट्टे. तिबेट, मंगोलिया, लडाखच्या तळ्यांकाठी ते अंडी घालतात आणि हिमालय ओलांडून इकडे येतात. उंचावर हवा विरळ असते, पण त्यांचं रक्त तिथेही प्राणवायू चांगला धरतं.

सोबत कुरव येतात, होडीमागे घिरट्या घालत मासळी टिपणारे. तपकिरी डोक्याच्या कुरवाचं डोकं थंडीत पांढरंच दिसतं, डोळ्यामागे नुसता काळसर ठिपका. डोकं तपकिरी व्हायला लागलं की समजायचं, पाहुणे आता निघणार.

कुरव पिकाला तोंड लावत नाही. हंस मात्र कोवळा हरभरा, गहू खुडतात. गेल्या साली आमच्यातल्या एकीचा हरभरा असाच गेला. वैतागून ती म्हणाली, "विषाचे दाणेच टाकते." ते दाणे कोंबडीही खाणार, शेळीही खाणार. शिवाय 1972 च्या वन्यजीव कायद्याने तो गुन्हा. पण नुसतं 'नको' म्हणून तिचं रान थोडंच वाचणार होतं? म्हणून आम्ही आठ दिवस तिच्यासोबत पाळत ठेवली.

दुपारी हंस पाण्याकाठी झोपलेले असायचे. कातरवेळी ते शेतात यायचे. आणि दुपारीच आमच्या गटाकडे आलेले पाहुणे फोटोसाठी होडी थेट थव्यात घालायला लावायचे. अख्खा थवा उठायचा. उडण्यात ताकद जाते, ती भरून काढायला पक्षी जास्त चरतो. म्हणजे पाहुण्यांच्या फोटोची किंमत आमचीच मैत्रीण हरभऱ्यात मोजत होती!

मग आम्ही नियम केला. शेतात चमकत्या फिती बांधायच्या, तिन्हीसांजेला आणि पहाटे डबे वाजवून हंस उठवायचे. पाण्यावर मात्र उठवायचे नाहीत. होडी लांबच थांबवायची. हंसांनी माना ताठ केल्या की मागे फिरायचं. कुरवांना शेव-फरसाण टाकायचं नाही. दोन-चार पाहुणे रुसून गेले. जाऊ दे म्हटलं.

नुकसान साफ थांबलं असं नाही. पण यंदा विषाचं नाव कुणी काढलं नाही, आणि तीच मैत्रीण आता थवा मोजायला पहिली येते.

मैत्रिणींनो, तुमच्या गावच्या तळ्यावर एका सकाळी जाऊन या. दुर्बीण नसली तरी चालेल. पोरांना सोबत न्या, लांब बसा, किती पक्षी दिसले ते वहीत लिहा. आणि शेतात त्रास होत असेल तर एकटीने सोसू नका, गटात बोला.